लाकडी बर्फपेटीचे वय कसे ओळखावे?

जुने घर पाडून नवे बांधायचे ठरले की आधी सामान बाहेर निघते. तांब्या-पितळेची भांडी, लोखंडी ट्रंका, शिसवी पलंग यांचा हिशेब घरातल्या सगळ्यांना ठाऊक असतो. पण कधीकधी या सामानात एक चमत्कारिक कपाट निघते. बाहेरून जाड लाकडाचे, दारे चार-चार बोटे रुंद, आतून पत्रा मारलेला आणि तळाला एक भोक. कोणी म्हणते ही तिजोरी असेल, कोणी म्हणते नेमतखाना असेल. अशा वेळी घरातली एखादी वयस्क नानी हसून सांगते, "अरे, यात बर्फ ठेवायचे!"

नानीचे बरोबर असते. ती बर्फाची पेटी असते, म्हणजे आजच्या फ्रिजची पूर्वज. वीज घरोघरी येण्याआधी दूध, लोणी, गोश्त आणि औषधे ताजी ठेवण्याचे काम ही पेटी करीत असे.

आम्ही पेशाने शिक्षक. जुन्या वस्तूंची आवड असल्याने ओळखीची मंडळी अशा पेट्या दाखवायला बोलावतात. प्रत्येक घरात दोनच प्रश्न असतात : ही किती जुनी? आणि हिचे किती येतील? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्यावर अवलंबून आहे, आणि पहिल्याचे उत्तर पेटीतच लपलेले असते. ते शोधण्याच्या काही साध्या खुणा येथे सांगत आहोत.

बर्फ आला कुठून?

अमेरिकेतील मेरीलँडचे थॉमस मूर यांनी १८०३ साली एका पेटीचे पेटंट घेतले. लाकडी पिंप, त्यात पत्र्याचे भांडे, मध्ये बर्फ आणि बाहेरून सशाच्या कातड्याचे आवरण. तिच्यातून ते लोणी बाजारात नेत. 'रेफ्रिजरेटर' हे नाव त्यांनीच या पेटीला दिले. म्हणजे हा शब्द विजेच्या फ्रिजपेक्षा शंभरएक वर्षांनी जुना आहे. म्हणून एखाद्या लाकडी पेटीच्या पट्टीवर 'रेफ्रिजरेटर' असे लिहिलेले दिसले तर गोंधळून जाऊ नये.

बर्फाला व्यापाराचा माल बनवले ते बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर यांनी. हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांतून लाद्या कापायच्या, भुशात गुंडाळून जहाजात भरायच्या आणि उष्ण देशांत विकायच्या, हा त्यांचा धंदा. त्यांचे 'टस्कनी' हे जहाज मे १८३३ मध्ये १८० टन बर्फ घेऊन बोस्टनहून निघाले आणि सप्टेंबरात कलकत्त्याला पोहोचले. चार महिन्यांच्या प्रवासानंतरही सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता. पुढच्याच वर्षी अमेरिकन बर्फ मुंबईत आला. जमशेटजी जीजीभॉय यांच्या मेजवानीत तेव्हा आइसक्रीम दिले गेले आणि नंतर यजमान-पाहुण्यांना सर्दी झाल्याची बातमी 'मुंबई समाचार'मध्ये छापून आली, असे सांगतात. मुंबईच्या फोर्ट भागात बर्फ साठवण्यासाठी खास 'आइस हाउस' बांधले गेले. मद्रासला १८४२ मध्ये बांधलेले आइस हाउस अजून उभे आहे. आज ते विवेकानंदांचे स्मारक आहे.

यंत्राने बर्फ बनू लागल्यावर १८८० च्या सुमारास हा समुद्रावरचा व्यापार संपला. पण बर्फपेटीचा खरा जमाना त्यानंतरच आला. बर्फ स्वस्त झाला, रोज दारात येऊ लागला आणि तो ठेवायला पेटी हवी झाली. म्हणून आज हाती येणाऱ्या बहुतेक पेट्या १८८० ते १९४० या साठ वर्षांतल्या असतात. कोणी "दोनशे वर्षांची आहे" असे म्हटले तर जरा थांबावे.

पेटीचे काम कसे चाले?

एक किलो बर्फ वितळताना आसपासची जी उष्णता शोषून घेतो, तेवढ्या उष्णतेने एक किलो पाणी सुमारे ८० अंश तापेल. पेटीची सारी करामत एवढीच. गार हवा जड असते, ती खाली उतरते. गरम हवा हलकी, ती वर चढते. म्हणून बर्फाचा कप्पा बहुधा वर किंवा एका बाजूला उंचावर असे आणि दोन्ही कप्प्यांमध्ये हवा खेळायला जागा सोडलेली असे. काही काटकसरी गृहिणी बर्फ टिकावा म्हणून त्याला कागदात गुंडाळून ठेवीत. बर्फ टिके, पण दूध नासे! कारण वितळल्याशिवाय बर्फ गारवा देतच नाही.

वितळलेले पाणी तळाच्या नळीतून खाली ठेवलेल्या तसराळ्यात पडे. ते रोज ओतायला विसरले की स्वयंपाकघरभर पाणी. नळीला वळण दिलेले असे किंवा तिच्या टोकाशी छोटी वाटी असे. त्यात पाणी साठून बाहेरची गरम हवा आत येणे बंद होई.

ही पेटी बर्फाचीच कशावरून?

नेमतखान्याला जाळी असते, कारण त्यात हवा खेळावी लागते. बर्फपेटीत नेमके उलटे : हवा आत येऊ नये म्हणून सारी खटपट. तेव्हा पुढील पाच गोष्टी पाहाव्यात.

पहिली, भिंतींची जाडी. दोन फळ्यांच्या मधल्या पोकळीत भुसा, कोळशाची पूड, बूच किंवा लोकरीसारखा खनिज धागा भरलेला असतो. बोटाने ठोकल्यावर आवाज दबका येतो.

दुसरी, आतला पत्रा. तो जस्ताचा, गॅल्व्हनाइज्ड लोखंडाचा किंवा पांढऱ्या इनॅमलचा असतो. काही महागड्या पेट्यांत दुधी काच असते.

तिसरी, पाण्याच्या निचऱ्याचे भोक किंवा नळी. हे नसेल तर ती बर्फपेटी असण्याची शक्यता फार कमी.

चौथी, दाराची ठेवण. दाराच्या कडा पायरीसारख्या कापलेल्या असतात आणि खटका असा की दांडी दाबून बसवली की दार घट्ट आवळले जाते.

पाचवी, बर्फाच्या कप्प्याच्या तळाशी लाकडी पट्ट्या किंवा लोखंडी जाळी, आणि तिच्यावर जड लाद्या सरकवल्याचे ओरखडे.

नावाची पट्टी वाचताना

अमेरिकन पेट्या बहुधा ओक, ॲश, एल्म किंवा पाइन लाकडाच्या असतात. दारावर पितळी पट्टी असते. बेल्डिंग-हॉल (बेल्डिंग, मिशिगन), लेनर्ड (ग्रँड रॅपिड्स, मिशिगन), मॅक्रे (केंडलविल, इंडियाना), बाल्डविन (बर्लिंग्टन, व्हरमाँट), व्हाइट माउंटन (नॅशुआ, न्यू हॅम्पशायर) ही त्यातली मोठी नावे. नाव मिळाले की कारखान्याचा काळ शोधता येतो, पण एकेक कारखाना तीस-चाळीस वर्षे चाललेला असतो. त्यामुळे केवळ नावावरून साल ठरत नाही.

खरी मदत होते ती पेटंटच्या तारखेची किंवा क्रमांकाची. अमेरिकन पेटंटचे क्रमांक चढत्या क्रमाने दिले जातात. १८८० सालची सुरुवात सुमारे २ लाख २३ हजारांपासून झाली, १८९० ची ४ लाख १८ हजारांपासून, १९०० ची ६ लाख ४० हजारांपासून, १९१० ची ९ लाख ४५ हजारांपासून, १९२० ची १३ लाख २६ हजारांपासून आणि १९३० ची १७ लाख ४२ हजारांपासून. पट्टीवरचा क्रमांक या शिडीवर कोठे बसतो ते पाहिले की पेटंटचे साल कळते.

पट्टीवर क्रमांकाऐवजी तारीख असेल तर आणखी एक गंमत. अमेरिकेत या काळातली पेटंटे मंगळवारी दिली जात. दहा लाखावे पेटंट ८ ऑगस्ट १९११ रोजी निघाले, तोही मंगळवारच. पट्टीवरची तारीख दुसऱ्या वारी पडत असेल तर ती पट्टी संशयाने पाहावी. १९२७ मध्ये तेथील कायदा बदलला आणि वस्तूवर तारखेऐवजी पेटंटचा क्रमांक घालणे आवश्यक झाले. म्हणून नुसत्या तारखा असलेली पेटी बहुधा १९२७ च्या आधीची, आणि नुसता क्रमांक असलेली बहुधा नंतरची. पेटी इंग्लंडची असेल तर डिझाइनच्या नोंदणीचा क्रमांक मिळू शकतो. ही क्रमवार नोंदणी १८८४ मध्ये सुरू झाली.

मात्र एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. पेटंटचे साल म्हणजे पेटीचे साल नव्हे. १८८९ चे पेटंट असलेली पेटी १९०५ मध्येही बनलेली असू शकते. ते साल एवढेच सांगते की पेटी त्याआधीची नाही.

खिळे खोटे बोलत नाहीत

पट्टी हरवलेली असेल तरी निराश होऊ नये. एक लहान चुंबक आणि एक टॉर्च घेऊन बसावे.

आतल्या पत्र्याला चुंबक लावावा. जस्ताला तो चिकटत नाही, गॅल्व्हनाइज्ड लोखंडाला चिकटतो. जस्त जुन्या पेट्यांत जास्त दिसते. पांढरे इनॅमल आणि दुधी काच विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून फैलावली, कारण लोकांना स्वच्छता डोळ्यांनी दिसायला हवी होती. बाहेरूनही पांढरा पत्रा असेल तर पेटी बहुधा १९२० नंतरची. बिजागऱ्यांना आणि खटक्यांनाही चुंबक लावावा. अस्सल पितळ असेल तर चुंबक सुटून पडतो, लोखंडावर मुलामा असेल तर चिकटतो.

मग खिळे पाहावेत. चपटे, चौकोनी, निमुळते खिळे जुने. तारेपासून केलेले गोल खिळे १८९० च्या दशकात सर्रास वापरात आले. स्क्रूच्या डोक्यावर एकच सरळ चीर असेल तर ठीक. आपण ज्याला स्टार स्क्रू म्हणतो, तो फुलीच्या खाचेचा स्क्रू १९३० च्या दशकाच्या मध्यात बाजारात आला. तो दिसला तर एक तर पेटी त्यानंतरची, नाहीतर तेथे दुरुस्ती झालेली. दुरुस्ती असेल तर शेजारी जुने बुजवलेले भोक सापडते.

या सगळ्यातून एकच नियम निघतो : पेटीतला जो सर्वांत नवा पण मूळचा भाग असेल, त्याच्याआधी पेटी बनलेली असू शकत नाही. शाळेत गणिताला आपण म्हणतो तसे, आधी खालची मर्यादा काढा, मग वरची.

आपल्याकडच्या पेट्या

मुंबई-कोकणाकडच्या घरांत सापडणाऱ्या अनेक पेट्या परदेशी नसतात. त्या इथल्याच सुतारांनी सागवानात घडवलेल्या, आत जस्ताचा पत्रा ठोकलेला. त्यांना पट्टी नसते, पेटंट नसते. त्यांचे वय काढायला आपल्या देशाच्या खुणा उपयोगी पडतात.

दुकानाची चिठ्ठी चिकटलेली असेल तर तिच्यावरचा पत्ता वाचावा. सहा आकडी पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आला. कोठे किंमत लिहिलेली असेल तर ती रुपये-आणे-पैत आहे का पाहावे. १ एप्रिल १९५७ पासून आपल्याकडे दशमान नाणी आली, म्हणजे आण्यांचा हिशेब बहुधा त्याआधीचा. वजन शेर-मणात असेल तर मेट्रिक मापे रुळण्याआधीचे, म्हणजे साधारण १९६० च्या आसपासचे किंवा त्याआधीचे. भारतात बनलेला पहिला फ्रिज गोदरेजने १९५८ मध्ये काढला. त्यानंतर नवी बर्फपेटी करून घेण्याचे कारण हळूहळू उरले नाही.

उर्दू वाचणाऱ्या घरांना आणखी एक सोय आहे. जुन्या लेखांवर हिजरी साल असते. त्याचे इसवी साल काढण्याची सोपी रीत अशी : हिजरी सालाला ३३ ने भागावे, आलेला भागाकार मूळ सालातून वजा करावा आणि त्यात ६२२ मिळवावेत. एखाद्या वर्षाचा फरक पडू शकतो, पण अंदाजाला पुरेसे.

एका घरातली वाटणी

ही रीत किती कामी येते ते आम्ही रायगड जिल्ह्यातल्या एका घरात पाहिले. आईच्या इंतकालनंतर दोन भाऊ आणि दोन बहिणी सामानाची वाटणी करीत होते. सागवानी बर्फपेटीवर गाडे अडले. थोरले भाऊ म्हणत, भंगारवाल्याला देऊन टाकू. धाकट्या बहिणीने ऐकले होते की पेटी दीडशे वर्षांची, एका गोऱ्या साहेबाची आहे. तिला वाटे, लाखाची वस्तू मातीमोल जातेय आणि आपला हिस्सा बुडतोय. बोलणे कडवट होऊ लागले होते.

आम्ही पेटी पाहिली. पट्टी नव्हती. पत्रा जस्ताचा, खिळे गोल, स्क्रू एका चिरेचे, फक्त एका बिजागरीला स्टार स्क्रू आणि शेजारी जुनी भोके. एका कोपऱ्यात पत्रा आधीच फाटलेला होता. तेथून भुसा गळत होता आणि भुशाबरोबर फळीला चिकटवलेला उर्दू वर्तमानपत्राचा एक तुकडा दिसत होता. इसवी साल फाटून गेले होते, पण हिजरी साल शाबूत होते : १३४७. म्हणजे १९२८-२९. त्याच फळीच्या आतल्या अंगाला सुताराने पेन्सिलीने केलेला हिशेब होता, रुपये-आणे-पैमध्ये.

हिशेब सरळ होता. पेटी १९२८ च्या आधीची नाही आणि बहुधा १९५७ च्या नंतरची नाही. गोऱ्या साहेबाची गोष्ट टिकली नाही, आणि 'भंगार' हा शब्दही टिकला नाही. अस्सल सागवान, मूळचे पितळ, मूळचा पत्रा असलेली साधारण नव्वद वर्षांची इथली पेटी. बहिणीचा चेहरा थोडा उतरला, पण पुढचे बोलणे शांतपणे झाले. दोन जाणकार व्यापाऱ्यांकडून किंमत काढली, पेटी धाकट्या भावाने ठेवली आणि बाकीच्या तिघांचे हिस्से रोख दिले. वाटणीच्या वस्तूचे खरे मोल कळल्याशिवाय हक्काचा हिस्सा ठरत नाही. अंदाजाने केलेल्या वाटणीत कोणाचे ना कोणाचे मन दुखावतेच.

नकली पेटी आणि फिरवलेली पेटी

जुन्या बर्फपेट्यांची हौस वाढली तशा नव्या पेट्याही जुन्या म्हणून विकल्या जाऊ लागल्या. त्यांची लक्षणे अशी : भिंती पातळ, आत भुसा-बूच काही नाही, निचऱ्याचे भोक नाही, मागची बाजू प्लायवुडची, सगळीकडे स्टार स्क्रू आणि पितळ असे की काल दुकानातून आणले. जुन्या वस्तूची झीज जेथे हात लागतो तेथेच होते : खटक्याभोवती, दाराच्या खालच्या कडेला, बर्फाच्या कप्प्यात. सगळीकडे सारखी झीज दिसली तर ती कानशीने केलेली समजावी.

पितळी पट्ट्याही नव्या बनवून सुट्या विकल्या जातात. पट्टीच्या भोवतीचे लाकूड नीट न्याहाळावे. खरी पट्टी वर्षानुवर्षे एका जागी असेल तर तिच्याखालचे लाकूड वेगळ्या रंगाचे असते. दुसऱ्याच आकाराची सावली दिसली तर पट्टी बदललेली आहे.

मुंबईच्या मटन स्ट्रीटवर जुन्या सामानाचा व्यापार पिढ्यान्‌पिढ्या करणारी मंडळी आहेत. तेथे विकत घेताना विचारण्याचा प्रश्न "किती जुनी?" असा नसावा. "यातले मूळचे काय आणि बदललेले काय?" असे विचारावे. प्रामाणिक व्यापारी बोट ठेवून दाखवतो. आपण विकायला बसलो तरी तोच नियम आपल्याला लागू. दुरुस्ती झालेली असेल तर ती गिऱ्हाइकाने विचारण्याआधी सांगावी.

घरात ठेवताना

शेवटी काही काळजीच्या गोष्टी. पहिली आणि सर्वांत महत्त्वाची मुलांची. अशा पेटीचे दार बाहेरून आवळले की आतून उघडत नाही आणि आत हवाही जात नाही. जुन्या फ्रिजमध्ये लपलेली मुले गुदमरून दगावल्यामुळे अमेरिकेने १९५६ मध्ये खास कायदा केला, की फ्रिजचे दार आतून ढकलून उघडता आले पाहिजे. लाकडी बर्फपेटीलाही हा धोका तितकाच आहे. घरात लहान मुले असतील तर खटका काढून जपून ठेवावा किंवा दारात लाकडी ठोकळा असा बसवावा की ते पूर्ण मिटणारच नाही.

आत उघडे अन्न ठेवू नये. जुन्या पत्र्याच्या जोडांत शिसे असू शकते आणि आंबट पदार्थांनी जस्त सुटते. भिंती फोडून आतले भरण काढू नये. त्याची धूळ फुफ्फुसांना अपायकारक असू शकते, आणि पुरावाही तेथेच असतो. लाकूड घासून चकचकीत करण्याची घाई नको. कोरड्या कापडाने धूळ पुसावी, वाळवी आहे का ते पाहावे आणि पाय ओल्या जमिनीपासून उचलून ठेवावेत.

सर्वांत आधी मात्र मोबाइलने फोटो काढावेत : पट्टी, खटके, खिळे, आतला पत्रा, मागची बाजू, कोठे काही लिहिलेले असेल ते. मग घरातल्या सर्वांत वयस्क माणसाजवळ बसून विचारावे, बर्फ कोण आणायचे, किती आणायचे, रमजानच्या उन्हाळ्यात सरबतासाठी लादी कोठून यायची. ती उत्तरे लिहून पेटीच्या आत ठेवावीत, खाली तारीख घालून. पुढच्या पिढीला पेटीचे वय काढायला पत्रा उचकटून पाहावा लागणार नाही.